राखेचा बुधवार: फेड की कबुली?

काशीत मणिकर्णिका मागे टाकून गंगेच्या प्रवाहाबरोबर खाली निघाले, की सिंदिया आणि संकठा घाटांनंतर नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेला भोसले घाट लागतो. आणखी थोडे पुढे पंचगंगा, दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट ही मराठी कुटुंबांची जुनी वस्ती. या पट्ट्यात राख ही रोजची गोष्ट आहे. चितेची राख वाऱ्यावर येते, साधूच्या अंगावर दिसते आणि शेवटी नदीला मिळते. ख्रिस्ती लोकांच्या प्रायश्चित्तदिनाचा विचार करायला ही जागा प्रथमदर्शनी परकी वाटेल. पण त्या दिवसाचा मराठीत अर्थ लावायचा असेल, तर याहून जवळची जागा सापडणे कठीण आहे. प्रायश्चित्ताचे शास्त्र ज्या मराठी पंडितांनी ग्रंथबद्ध केले, ते याच शहरात राहत होते. त्या शास्त्रात वाढून ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोरे याच शहरातले. आणि पुढे पुण्यात मिशनच्या चहावरून गदारोळ झाला, तेव्हा लोकमान्य टिळकांनी पुढे केले तेही काशीत घेतलेले प्रायश्चित्तच. म्हणून राखेच्या बुधवाराचा हा आढावा भोसले घाटाच्या परिसराला धरून घेतला आहे. प्रश्न एकच आहे: या दिवशी कपाळावर येणारी राख ही केलेल्या पापाची फेड आहे, की न फिटणाऱ्या दोषाची कबुली?

आधी दिवसाचा हिशेब पाहू. ईस्टरच्या रविवारापासून मागे 46 दिवस मोजले की हा बुधवार येतो. मधले सहा रविवार उपवासाचे धरत नाहीत, म्हणून उरतात चाळीस. येशूने अरण्यात काढलेल्या चाळीस दिवसांचे हे स्मरण. ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येत असल्यामुळे हा बुधवार 4 फेब्रुवारी ते 10 मार्च या दरम्यान सरकत राहतो, आणि त्याच्या सरकण्यात चंद्राचा हात असतो. पौर्णिमेपासून दीड चांद्रमास मागे गेले की अमावास्या येते, म्हणून राखेचा बुधवार नेहमी अमावास्येच्या आसपास किंवा तिच्यानंतरच्या चार-पाच दिवसांत पडतो. ती पौर्णिमा चैत्री असेल, तर ही अमावास्या माघातली असते. माघातल्या अमावास्येच्या आदल्या रात्री आपल्याकडे महाशिवरात्र असते. त्यामुळे बहुतेक वर्षी दोन्ही दिवस शेजारी येतात. 2022 मध्ये महाशिवरात्र 1 मार्चला आणि राखेचा बुधवार 2 मार्चला होता. 2023 मध्ये 18 आणि 22 फेब्रुवारीला, 2025 मध्ये 26 फेब्रुवारी आणि 5 मार्चला ते आले. काशीत भस्माचा सर्वांत मोठा उत्सव ओसरतो न ओसरतो, तोच छावणी भागातल्या सेंट मेरी कॅथीड्रलमध्ये राखेची वाटी वेदीवर येते. या शेजारामुळेच दोन्ही राखा एकच आहेत असे वाटू लागते. तो प्रश्न पुढे घेऊ.

राख येते कोठून, हे आधी समजून घ्यायला हवे. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, येशूच्या यरुशलेम प्रवेशाची आठवण म्हणून भाविक हातात झावळ्या घेऊन मिरवणूक काढतात. त्या आशीर्वादित झावळ्या घरी नेऊन क्रुसामागे किंवा देव्हाऱ्यात ठेवतात. वर्षभरात त्या वाळतात, पुढच्या वर्षी जमा केल्या जातात आणि जाळल्या जातात. त्यांचीच राख बुधवारी वापरतात. ज्या झावळ्यांनी जयजयकार केला, त्याच जळून पश्चात्तापाची खूण होतात. त्या मिरवणुकीतला जमाव आठवड्याभरात पाठ फिरवतो, ही गोष्ट कोणी बोलून न दाखवता राखेतून सांगितली जाते. धर्मगुरू अंगठ्याने कपाळावर क्रूस रेखतो आणि माणूस धूळ आहे व धुळीलाच मिळणार आहे याची आठवण करून देतो. 1970 च्या मिस्साग्रंथापासून दुसरा पर्यायही आहे. त्यात मन पालटण्याचे आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवण्याचे आवाहन असते. इटलीसारख्या देशांत राख कपाळाला न लावता डोक्यावर भुरभुरतात. 2021 मध्ये महामारीमुळे हीच रीत जगभर सुचवली गेली.

नावांतही अर्थाचे धागे आहेत. वसईत 'राखेचा बुधवार' म्हणतात, लिखाणात 'भस्म बुधवार' येतो. गोव्याच्या कोंकणीत 'गोबर' म्हणजे राख, म्हणून 'गोबराचो बुधवार'. चाळीस दिवसांच्या काळाला तिथे पोर्तुगीजांकडून आलेला 'करेज्म' हा शब्द आहे. काशीच्या हिंदी चर्चमध्ये दिवस 'राख बुध' आणि काळ 'चालीसा'. हनुमानाच्या चालीस चौपायांच्या गावात हा शब्द कोणाला परका वाटत नाही. मराठीत मात्र या काळाला कोणी 'उपवासकाळ' म्हणते, कोणी 'प्रायश्चित्तकाळ'. आचारही ठरलेले आहेत. कॅथलिक नियमानुसार राखेच्या बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी 18 ते 59 वयाच्या धडधाकट माणसाने एकच पूर्ण जेवण घ्यावे, फार तर दोन वेळा थोडेसे खावे. चौदा वर्षांवरच्यांनी त्या दिवशी मांस वर्ज्य करावे. आजारी माणसे, गरोदर स्त्रिया, अंगमेहनत करणारे यांना सूट असते. वसईत या काळात लग्नसोहळे टाळतात आणि शुक्रवारी 'क्रुसाची वाट' म्हणजे येशूच्या यातनांचे चौदा टप्पे प्रार्थनेने चालतात. गोव्यात आदल्या चार दिवसांचा इंत्रूज, म्हणजे कार्निव्हल, मंगळवारी रात्री संपतो. मग चर्चमधून मोतेत, म्हणजे उपवासकाळातली भक्तिगीते, ऐकू येतात, आणि गोवा वेल्हा येथे उपवासकाळातल्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांची मिरवणूक निघते.

एवढ्यावरून हा दिवस प्रायश्चित्ताचाच आहे असे म्हणणे सोपे वाटते. उपवास आहे, वर्ज्य आहे, दान आहे, राख आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. प्रायश्चित्ताची सगळी साधने इथे आहेत, पण प्रायश्चित्ताचा शेवट इथे नाही. शास्त्रातले प्रायश्चित्त दोष ठरवते, त्याचे माप ठरवते, ते पुरे झाले की माणूस मोकळा होतो. राखेच्या बुधवारी माणूस मोकळा होत नाही. तो फक्त कबूल करतो, तेही विशिष्ट गुन्ह्याबद्दल नव्हे, तर आपल्या असण्याबद्दल. हा फरक समजला नाही, तर हा दिवस एक तर अंधश्रद्धा वाटतो, नाही तर नाटक वाटते. तो समजला, की आचारांचा अर्थही लागतो आणि त्यांच्या मर्यादाही कळतात.

हा फरक पहिल्यापासून इतका स्पष्ट नव्हता, हे इतिहास सांगतो. सुरुवातीच्या शतकांत खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा घोर पापांसाठी सार्वजनिक पश्चात्तापी लोकांचा वेगळा वर्ग असे. उपवासकाळाच्या आरंभी त्यांच्यावर राख टाकून त्यांना मंडळीबाहेर काढत आणि पवित्र गुरुवारी परत आत घेत. मधल्या आठवड्यांत ते दाराशी उभे राहत. ही पद्धत आपल्या बहिष्कार आणि शुद्धी यांच्या जवळची होती. ठरावीक लोक, ठरावीक दोष, ठरावीक मुदत. पण दहाव्या-अकराव्या शतकांत एक मोठा बदल झाला. इंग्लंडमध्ये इसवी सन 1000 च्या सुमारास एल्फ्रिक हा मठवासी लेखक सर्व भाविकांच्या डोक्यावर राख टाकण्याच्या रीतीचा उल्लेख करतो. 1091 मध्ये पोप दुसरा अर्बन याच्या बेनेव्हेंतोच्या परिषदेने धर्मगुरू आणि सामान्यजन, स्त्रिया आणि पुरुष, सर्वांनी राख घ्यावी असे ठरवले. ज्या काळात वेगळ्या केलेल्या पापी लोकांचा वर्ग ओसरत होता, त्याच काळात त्यांची खूण सगळ्यांच्या कपाळावर आली. दाराबाहेर कोणी उभे राहायचे उरले नाही, कारण आता सगळेच त्या रांगेत उभे राहू लागले. या दिवसाच्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची घटना आहे असे मला वाटते. दंडाची खूण समान मानवी अवस्थेची खूण झाली.

शब्दांच्या बाबतीतही हेच वळण आले. शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक भाषेत येशूच्या पहिल्या आवाहनासाठी 'मेतानोइया' या कुळातला शब्द आहे. त्याचा अर्थ मन पालटणे, बुद्धी वळणे. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात तो 'पेनितेन्शिया करा' असा आला, आणि पुढच्या हजार वर्षांत ऐकणाऱ्यांच्या कानी त्याचा अर्थ 'प्रायश्चित्त करा' असा पडत राहिला. 1516 मध्ये एरॅस्मसने ग्रीक नवा करार छापला, तेव्हा त्याच्या टिपांनी हा फरक उघड केला. पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथरने आपल्या 95 विधानांची सुरुवातच इथून केली: येशूला भाविकाचे सारे आयुष्य पश्चात्तापाचे हवे होते, आणि हे आवाहन म्हणजे पुरोहितापुढचा विधी नव्हे. युरोपात एका शब्दाच्या भाषांतरावरून धर्मसुधारणेला जो धक्का मिळाला, त्याच प्रश्नावर मराठीने न भांडता निर्णय घेतला. मराठी बायबलच्या भाषांतरांत या ठिकाणी 'पश्चात्ताप' हा शब्द रुळला. 'प्रायश्चित्त' हा सोपा, तयार आणि प्रतिष्ठित शब्द समोर असताना भाषांतरकारांनी तो टाळला. मात्र आचाराच्या भाषेत तो राहिला, आणि कोंकणीत तर 'प्राचित' हा शब्द चर्चमध्ये पुरता रुजला. म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी दोन शब्द आहेत, आणि त्या दोहोंत जी ओढाताण आहे तीच या दिवसाचा खरा विषय आहे.

आता प्रायश्चित्ताच्या बाजूकडे नीट पाहायला हवे, कारण ते हलके लेखून हा युक्तिवाद उभा राहणार नाही. पैठणहून काशीला आलेल्या भट्ट घराण्याने धर्मशास्त्राची एक परंपराच उभी केली. त्यातल्या नीळकंठ भट्टांनी सतराव्या शतकात बारा 'मयूख' लिहिले, त्यांतला एक प्रायश्चित्तमयूख. याच घराण्यातल्या गागाभट्टांनी 1674 मध्ये शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक केला, आणि त्याआधी महाराजांचे प्रायश्चित्त व मुंज झाली. पुढच्या शतकात काशीच्याच नागोजी भट्ट काळे यांनी प्रायश्चित्तेन्दुशेखर लिहिला. महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड या साऱ्या साहित्याचा ऊहापोह करतो. या ग्रंथांचे बळ त्यांच्या काटेकोरपणात आहे. प्राजापत्य कृच्छ्र बारा दिवसांचे: तीन दिवस फक्त सकाळी जेवण, तीन दिवस फक्त रात्री, तीन दिवस न मागता मिळेल ते आणि तीन दिवस निराहार. चांद्रायणात चंद्राच्या कलांप्रमाणे घास कमी करत जायचे आणि पुन्हा वाढवायचे. शरीराला झेपत नसेल तर गोदान किंवा त्याची किंमत असा प्रत्याम्नाय. पण अशी मापे फक्त आपल्याकडेच होती असेही नाही. सहाव्या-सातव्या शतकांतल्या आयर्लंडमध्ये ख्रिस्ती भिक्षूंच्या पापदंडाच्या पुस्तिकांत कोणत्या पापाला किती वर्षे भाकरी-पाणी, आणि त्याऐवजी किती स्तोत्रे म्हटली तर चालेल, असे तक्तेच होते. माप ठरवण्याची गरज दोन्ही परंपरांना वाटली, कारण मापाशिवाय समाजाला क्षमा करता येत नाही. किती झाले म्हणजे पुरे, हे कोणी तरी सांगावे लागते.

पण मापाचा धोकाही दोन्हीकडे सारखाच आहे, आणि तो मराठी माणसाला 1890 च्या प्रकरणातून नीट दिसतो. त्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका सभेनंतर न्यायमूर्ती रानडे, टिळक आणि इतर प्रतिष्ठितांनी चहा-बिस्किटे घेतली. गोपाळराव जोशी यांनी नावांची यादी 'पुणे वैभव'मध्ये प्रसिद्ध केली आणि बहिष्काराचे वादळ उठले. टिळकांनी आपण काशीत सर्वप्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी 1892 मध्ये मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत त्या दिवसांची घालमेल नोंदलेली आहे. इथे कोणाच्याही हेतूवर बोट ठेवायचे नाही. रानड्यांचा निर्णय स्नेहातून आलेला होता. पण नेमके तेच महत्त्वाचे आहे. चहा पिण्यात आपण पाप केले असे त्यांना वाटत नव्हते, तरीही प्रायश्चित्त पुरे झाले. म्हणजे पश्चात्ताप नसतानाही विधी पूर्ण होऊ शकतो. ख्रिस्ती इतिहासात याला तोडीस तोड उदाहरण आहे. 1077 च्या जानेवारीत जर्मन राजा चौथा हेन्री कानोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात तीन दिवस उभा राहिला, पोप सातव्या ग्रेगरीने बहिष्कार मागे घेतला, आणि थोड्याच काळात दोघांची लढाई पुन्हा सुरू झाली. विधी झाला, पण मन पालटले नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. प्रायश्चित्ताला असे बाह्य विधीत बसवणे हा शास्त्रावर अन्याय नाही का? 'प्राय' म्हणजे तप आणि 'चित्त' म्हणजे निश्चय, अशी परंपरेची व्युत्पत्तीच मनाला मध्ये आणते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापापासून सुटण्याच्या उपायांत पहिल्यांदा येते ते ख्यापन, म्हणजे पाप उघड सांगणे, आणि लगेच अनुताप. आक्षेप खरा आहे आणि तो मान्यच केला पाहिजे. अनुताप हा शब्द वारकरी संतांनी इतका जवळचा केला, की तुकोबांच्या आत्मनिंदेच्या अभंगांपुढे राखेच्या बुधवारची कोणतीही प्रार्थना परकी वाटू नये. पण आक्षेपाने सिद्ध काय होते? हिंदू परंपरेतही कबुली आणि फेड असे दोन प्रवाह होते, आणि ग्रामण्याच्या, म्हणजे जातिबहिष्काराच्या, व्यवहारात फेडीचा प्रवाह वरचढ झाला. ख्रिस्ती परंपरेतही तसेच दोन प्रवाह होते. म्हणून भेद हिंदू आणि ख्रिस्ती यांच्यात ओढायचा नसून प्रत्येक परंपरेच्या आत ओढायचा आहे. राखेचा बुधवार कबुलीच्या बाजूला उभा आहे, तुकोबांचा अनुतापही त्याच बाजूला आहे, एवढेच माझे म्हणणे.

हा भेद एका मराठी आयुष्यात कसा उतरला, ते नीळकंठशास्त्री गोरे यांच्यात पाहता येते. चित्पावन घराण्यात 1825 मध्ये जन्मलेले आणि काशीत वाढलेले हे शास्त्री विशीतच ख्रिस्ती मताच्या खंडनासाठी पुढे आले. जॉन म्यूरच्या 'मतपरीक्षे'ला त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' या संस्कृत ग्रंथाने उत्तर दिले. काशीतले मिशनरी विल्यम स्मिथ यांच्याशी वाद करता करता त्यांचे मत पालटत गेले, आणि 14 मार्च 1848 रोजी जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वर्षी ईस्टर 23 एप्रिलला होता, म्हणजे राखेचा बुधवार 8 मार्चला. बाप्तिस्मा उपवासकाळाच्या पहिल्याच आठवड्यात झाला. त्यांच्या अँग्लिकन मंडळीत तेव्हा राख नव्हती. इंग्लंडमध्ये 1548 सालीच ती बंद केली होती आणि तिच्या जागी त्या दिवशी वाचायची शाप आणि पश्चात्ताप यांची उपासना प्रार्थनापुस्तकात घातली होती. राख गेली तरी कबुली राहिली होती. पुढे गोरे यांनी 'षड्दर्शन दर्पण' लिहिले, 1870 मध्ये ते धर्मगुरू झाले, आणि ऑक्सफर्डमध्ये स्थापन झालेल्या काउली संघाच्या तपस्वी शिस्तीकडे 1876 पासून वळले. 1895 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या लेखनाचा आणि पत्रांचा पंडिता रमाबाईंच्या 1883 मधल्या धर्मांतरावर परिणाम झाला. पुण्याच्या ज्या पंचहौद मिशनमध्ये रानडे-टिळक चहाला गेले, तेही याच काउली संघाच्या कामाचे ठिकाण होते. म्हणजे काशीतून निघालेले दोन रस्ते, एक प्रायश्चित्ताचा आणि एक पश्चात्तापाचा, पुण्याच्या एकाच आवारात येऊन मिळाले. मात्र गोरे यांचे धर्मांतर हा प्रायश्चित्ताच्या शास्त्रावरचा विजय म्हणून सांगणे चुकीचे ठरेल. ज्याने तर्काच्या बळावर वाद जिंकायला सुरुवात केली, त्याने पुढचे आयुष्य उपवास, दारिद्र्य आणि स्वतःच्या विश्वासाची सतत झाडाझडती यांत घालवले. फेड झाली म्हणून तो थांबला नाही, हे त्याच्यातले लक्षणीय आहे.

दुसरा आक्षेप भस्माचा. राख कपाळी लावणे हे शैवांकडून उचललेले आहे, किंवा दोन्हींचा अर्थ एकच आहे, असे अनेक जण सद्‌भावनेने म्हणतात. राख ही शोकाची आणि पश्चात्तापाची खूण म्हणून यहुदी धर्मग्रंथांत जुनीच आहे. ईयोब राखेत बसतो, निनवेचा राजा सिंहासन सोडून राखेत बसतो, दानिएल राख घेऊन प्रार्थना करतो. तेव्हा उसनवारीचा प्रश्न उरत नाही. अर्थाबद्दल बोलायचे तर दोन्हीकडे मृत्यूचे स्मरण आहे, आणि काशीत ते नाकारणे अशक्य आहे. रंगभरी एकादशीनंतर मणिकर्णिकेवर चिताभस्माची होळी खेळली जाते, तीही मृत्यूकडे सरळ पाहणारीच. पण हातांकडे लक्ष द्या. शैव भाविक स्नान करून शुचिर्भूत झाल्यावर स्वतःच्या हाताने त्रिपुंड्र ओढतो. ते भस्म पवित्र करते, राखते, शिवाशी जोडते. बुधवारची राख कोणी स्वतःला लावून घेत नाही, ती दुसऱ्याच्या हातून घ्यावी लागते. धर्मगुरूलाही ती सहसा दुसऱ्याकडूनच मिळते. ती शुद्ध झाल्यावर लावलेली खूण नाही, शुद्ध नसल्याची खूण आहे. आरसा नसेल तर ती आपल्याला दिसतही नाही, समोरच्याला दिसते. दोन राखांत उच्चनीच काहीच नाही. एक सामर्थ्याची आहे, दुसरी उणेपणाची. माणसाला दोन्हींची गरज असते, पण एकीला दुसरीचे नाव दिले तर दोन्ही हरवतात.

तिसरा आक्षेप चर्चच्या आतूनच येतो आणि तो सर्वांत अवघड आहे. त्या दिवशी मिस्सात वाचला जाणारा मत्तयाचा उतारा सांगतो, की उपवास करताना तोंड सुकवून लोकांना दाखवू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, दान गुप्त ठेवा. हे ऐकून लगेच सगळ्यांना दिसेल अशी राख लावायची, यात विसंगती नाही का? शिवाय मांस वर्ज्य म्हणून सुरमईचे कालवण आणि कोळंबी, हा कसला उपवास? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचे उत्तर असे, की तो उतारा त्या दिवसाला नेमून दिलेला आहे, तो तिथे चुकून आलेला नाही. मंडळीने स्वतःच्या आचाराविरुद्धची साक्ष त्याच उपासनेत ठेवली आहे, म्हणजे राख मिरवण्याचा मोह होईल तिथेच तो अडवला जावा. योएल संदेष्ट्याचा उताराही त्याच दिवशी वाचतात, आणि तो वस्त्रे नव्हे तर अंतःकरणे फाडायला सांगतो. राख पुण्याची खूण असती, तर ती दाखवणे ढोंग ठरले असते. ती दोषाची खूण आहे, म्हणून ती दाखवण्यात प्रतिष्ठा मिळत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र नियमात मिळणार नाही. पोप सहावा पॉल याने 17 फेब्रुवारी 1966 च्या 'पेनितेमिनी' या आज्ञापत्रात स्पष्ट केले, की श्रीमंत देशांत संयमाबरोबर गरिबांसाठीचे दान यायला हवे, आणि जिथे लोक आधीच उपाशी आहेत तिथे न्यायासाठीची धडपड हाच तपाचा भाग. राखेच्या बुधवारानंतरच्या शुक्रवारी यशया संदेष्ट्याचा उतारा वाचतात. भुकेल्याशी भाकरी वाटून घेणे आणि जोखड तोडणे हा खरा उपास, असे तो सांगतो. कारितास इंडिया या काळात भूक आणि रोग यांविरुद्ध मोहीम चालवते ती याच अर्थाने. ताटातून मटण गेले आणि त्याचे पैसे कोणाच्या तोंडी घास म्हणून गेले नाहीत, तर राख कपाळावरच राहिली, आत उतरली नाही.

चौथा आक्षेप इतिहासाचा, आणि तो मराठी-कोंकणी वाचकाला सर्वांत जास्त लागणारा. गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत धर्मसमीक्षण सभा (इन्क्विझिशन) होती. तिने लोकांना जाहीर 'प्रायश्चित्त' करायला लावले, दंडाची वस्त्रे घालून मिरवले, अनेकांना गाव सोडायला भाग पाडले. ज्या संस्थेने प्रायश्चित्त लादले तिने प्रायश्चित्ताचा दिवस सांगावा, हे कसे ऐकून घ्यायचे? या आक्षेपाला सफाई देऊ नये. उलट, तोच माझ्या युक्तिवादाचा सर्वांत ठळक पुरावा आहे. दुसऱ्याकडून वसूल केलेली फेड पश्चात्ताप असू शकत नाही. धर्मसमीक्षणाने राखेचा अर्थ उलटा केला. 1091 मध्ये सगळ्यांना एका रांगेत आणणारी खूण तिने पुन्हा काही जणांवर छापली आणि उरलेल्यांना प्रेक्षक केले. म्हणून 12 मार्च 2000 या दिवसाला महत्त्व आहे. उपवासकाळाच्या त्या पहिल्या रविवारी पोप दुसरा जॉन पॉल याने रोममध्ये सत्याच्या सेवेच्या नावाखाली चर्चच्या लोकांनी केलेल्या अत्याचारांची जाहीर कबुली देऊन क्षमा मागितली. ती पुरेशी होती का, असे विचारणाऱ्यांचे बरोबर आहे, कारण ती पुरेशी असू शकत नाही. अशा गोष्टींची फेड होत नाही. पण ज्यांची फेड होत नाही त्यांचीच कबुली द्यावी लागते, आणि संस्थेनेही ती राख आपल्या कपाळाला लावून घ्यावी लागते.

सगळे जमेस धरले तर मराठीने कोणता शब्द ठेवावा? मला वाटते दोन्ही ठेवावेत, पण क्रम बदलावा. पश्चात्ताप हे या दिवसाचे अंतरंग आहे आणि प्रायश्चित्त हा त्याचा हात. हाताशिवाय पश्चात्ताप हळहळीतच विरून जातो. पश्चात्तापाशिवाय प्रायश्चित्त व्यवहार होते, आणि व्यवहार पुरा झाला की माणूस जसा होता तसाच उरतो. काशीत याचे एक जिवंत रूप आहे. शहराजवळच्या मातृधाम आश्रमात 1990 च्या दशकापासून बाप्तिस्मा न घेतलेले हजारो ख्रिस्तभक्त येऊ लागले. पवित्र भाकर त्यांना दिली जात नाही. पण राखेला ती अट नाही. चर्चच्या नियमात ती संस्कार मानली जात नाही, म्हणून ती बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही मिळू शकते. उणेपणाच्या रांगेत उभे राहायला आधी कोणाचे तरी व्हावे लागत नाही. जातीच्या, पंक्तीच्या, बहिष्काराच्या इतिहासातून आलेल्या आपल्या समाजाला या एका गोष्टीचे मोल कळायला हवे.

आणि शेवटी पुन्हा तो चंद्राचा हिशेब. राखेचा बुधवार दर वर्षी येतो, यातच त्याचा अर्थ आहे. फेड झाली असती तर पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत उभे राहायचे कारण उरले नसते. सर्वप्रायश्चित्त एकदा घेतले की सांगता येते, घेतले म्हणून. राखेबद्दल तसे सांगता येत नाही. संध्याकाळपर्यंत घामाने किंवा हातरुमालाने ती पुसली जाते आणि कोणताही दाखला मागे ठेवत नाही. झावळ्या पुन्हा येतात, घरी नेल्या जातात, वाळतात. भोसले घाटाच्या वरच्या अंगाला चिता जळत राहतात आणि त्या राखेत कोण ब्राह्मण, कोण ख्रिस्ती, कोण बहिष्कृत, हे ओळखता येत नाही. हे मरणानंतरच कळू नये, वर्षातून एकदा तरी जिवंतपणी कपाळावर लिहिले जावे, एवढीच या दिवसाची मागणी आहे.